गाडीची वेळ आणि भरतीची वेळ: गोव्यात लाँग एक्स्पोजर छायाचित्रणाची सुरुवात

कॅमेऱ्याचे शटर काही सेकंद उघडे ठेवले, की त्या अवधीत जे स्थिर असते ते ठसठशीत उमटते आणि जे हलते ते वाहते, पुसट होते किंवा पूर्णपणे नाहीसे होते. फलाटावरचा खांब जागच्या जागी राहतो आणि त्याच्यामागून जाणारी गाडी प्रकाशाचा पट्टा बनते. वागातोर किनाऱ्यावरचा काळा खडक तसाच राहतो आणि त्याच्यावर आपटणारी लाट धुक्यासारखी दिसते. हे तंत्र शिकायला गोव्याइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल, कारण म्हापशासारख्या ठिकाणी राहणाऱ्या माणसाला एकाच संध्याकाळी सूर्यास्ताला समुद्र आणि रात्री थिवी स्थानक अशा दोन्ही गोष्टी सहज साधता येतात. नवशिक्या मित्रांबरोबर फिरताना मला मात्र एक गोष्ट वारंवार दिसली आहे. त्यांची बहुतेक छायाचित्रे फसतात ती चुकीच्या वेळी पोहोचल्यामुळे. कॅमेऱ्याचा दोष त्यात फारच थोडा असतो. म्हणून या लेखात यंत्राच्या बरोबरीने गाड्यांच्या आणि भरती-ओहोटीच्या वेळांविषयीही सविस्तर लिहिले आहे.

साहित्य

ज्या कॅमेऱ्यात शटरचा वेग, भिंगाच्या छिद्राचा आकार आणि आयएसओ (म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) हे तिन्ही हाताने ठरवता येतात, असा कोणताही कॅमेरा सुरुवातीला पुरेसा आहे. त्याला जोडून एक मजबूत ट्रायपॉड, शटर दाबण्यासाठी रिमोट किंवा कॅमेऱ्यातलाच दोन सेकंदांचा टायमर, आणि दिवसाउजेडी काम करायचे असेल तर एनडी फिल्टर लागतो. एनडी फिल्टर म्हणजे प्रकाश अडवणारी गडद काच होय. खर्च मोजकाच करता येणार असेल, तर तो आधी ट्रायपॉडवर करावा. हलक्या ट्रायपॉडवरचा महागडा कॅमेरा समुद्राच्या वाऱ्यात काहीही कामाचा नसतो, हे मी खात्रीने सांगू शकतो. फिल्टर दोन घ्यावेत: एक सहा स्टॉपचा आणि एक दहा स्टॉपचा (स्टॉप हे काच किती प्रकाश अडवते याचे माप; त्याचे गणित पुढे येते). त्यातही एकच घेणे शक्य असेल तर सहा स्टॉपचा घ्यावा, कारण संधिप्रकाशात तोच अधिक वेळा उपयोगी पडतो.

घरी करायचा सराव

बाहेर पडण्यापूर्वी एक संध्याकाळ छताच्या पंख्यावर घालवावी. पंखा मध्यम वेगाने फिरत असताना कॅमेरा ट्रायपॉडवर लावून पहिले छायाचित्र १/२५० सेकंदाला, दुसरे १/३० ला, तिसरे १/४ ला आणि चौथे दोन सेकंदांना काढावे. पहिल्यात पाती जवळजवळ थांबलेली दिसतात, दुसऱ्यात ती फराटल्यासारखी होतात आणि चौथ्यात पाती नाहीशी होऊन केवळ एक करडी चकती उरते. ही चार छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहिली, की किती वेगाच्या वस्तूला किती अवधी द्यावा याचा अंदाज डोळ्यांना येऊ लागतो. त्यानंतरचा सराव पणजी ते बेती फेरीबोटीच्या धक्क्याजवळ करावा. तिन्हीसांजेला बोट मांडवीतून संथपणे जाते, तिचे दिवे पाण्यावर रेघा ओढतात, आणि चूक झाली तरी थोड्याच वेळात पुढची बोट येते.

फिल्टरचे गणित

एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे. त्यामुळे तीन स्टॉपचा फिल्टर प्रकाश आठपट, सहा स्टॉपचा ६४ पट आणि दहा स्टॉपचा सुमारे हजारपट कमी करतो. फिल्टरविना योग्य उजेड १/६० सेकंदाला मिळत असेल, तर दहा स्टॉपसाठी तो अवधी दहा वेळा दुप्पट करत जावा: १/३०, १/१५, १/८, १/४, १/२, १, २, ४, ८ आणि शेवटी सुमारे १६ सेकंद. हे बोटांवर मोजता येते, आणि मोबाइलवरच्या तक्त्यापेक्षा बोटांवर मोजायची सवय लावून घेणे चांगले, कारण सूर्य बुडताना तक्ता शोधायला वेळ नसतो. बहुतेक कॅमेऱ्यांत शटरची मर्यादा ३० सेकंद असते. त्यापुढे बल्ब मोड, म्हणजे बटण दाबून धरले तोवर शटर उघडे ठेवणारी सोय, वापरावी लागते.

प्रत्यक्ष क्रम असा ठेवावा. आधी फिल्टर न लावता चौकट ठरवावी आणि फोकस करावा. मग फोकस हस्तचलित करून टाकावा, म्हणजे गडद काच लावल्यावर कॅमेरा पुन्हा फोकस शोधत बसणार नाही. त्यानंतर एक साधे छायाचित्र काढून उजेड तपासावा, गणित करावे, फिल्टर लावावा आणि ट्रायपॉडवर असताना कंपरोधक यंत्रणा बंद करावी. आरसा असलेल्या कॅमेऱ्यात मागच्या दृश्यदर्शकातून उजेड आत शिरतो, म्हणून ते भोक काळ्या कापडाने झाकावे. आयएसओ १०० आणि छिद्र एफ ८ ते एफ ११ यांमध्ये राहावे (एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान). एफ १६ च्या पुढे गेल्यास अवधी वाढतो खरा, पण चित्राची धार बोथट होऊ लागते. छायाचित्रे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात ठेवावीत, कारण गडद फिल्टरमुळे येणारी रंगाची झाक नंतर काढून टाकता येते.

समुद्र: तिथी पाहून निघावे

गोव्याच्या किनाऱ्यावर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, आणि उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या, दिवसांत पाण्याची पातळी सुमारे दोन मीटरने वरखाली होते. उभ्या खडकावर हा फरक फारसा जाणवत नाही, पण सपाट वाळूवर तो कित्येक मीटरांचा असतो. कोकणपट्टीतील जुन्या लोकांचा एक ठोकताळा छायाचित्रकारासाठी फार मोलाचा आहे: तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची घड्याळी वेळ येते. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सकाळी आणि रात्री सव्वाअकराच्या सुमारास भरती, आणि त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. हा अंदाज आहे. जाण्यापूर्वी मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी तो ताडून पाहावा.

आता याचा सूर्यास्ताशी मेळ घालून पाहू. गोव्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जूनमध्ये सातनंतर. पौर्णिमेला आणि अमावास्येला ओहोटी साडेपाचच्या सुमारास पूर्ण होते, म्हणून सूर्यास्ताला एरवी पाण्याखाली असणारे खडप (किनाऱ्याचा खडकाळ भाग) उघडे पडलेले असते आणि चौकटीला अग्रभाग आयता मिळतो. पण नेमक्या त्याच वेळी पाणी परत फिरलेले असते, आणि उधाणाच्या दिवसांत ते झपाट्याने वाढते. अष्टमीला परिस्थिती उलटी असते: सूर्यास्ताला भरती पूर्ण असते, खडप झाकलेले असते आणि उभे राहायला जागा कमी उरते. नवशिक्याने चतुर्थी, पंचमी किंवा षष्ठी निवडावी, मग ती शुद्ध असो वा वद्य. त्या दिवशी भरती तीन ते साडेचारच्या दरम्यान होऊन गेलेली असते, सूर्यास्ताला पाणी मागे हटत असते, आणि हटणारे पाणी वाळूवर जो ओला आरसा सोडून जाते त्यात आकाशाचा रंग उतरतो. संकष्टीच्या दिवशी चंद्रोदयाची वाट पाहत घरी बसण्यापूर्वी समुद्रावर एक फेरी मारण्यास काहीच हरकत नाही.

सूर्य बुडाल्यावर लगेच परतू नये. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश साधारण २२ ते २५ मिनिटेच टिकतो, आणि उत्तम रंग बहुधा त्याच्या मधल्या दहा मिनिटांत येतात. या काळात उजेड भराभर घटत असल्यामुळे प्रत्येक छायाचित्रानंतर अवधी वाढवावा लागतो. आठ सेकंदांचे काम पाच मिनिटांत पंधरा सेकंदांचे होते.

शटर किती वेळ उघडे ठेवावे, हा प्रश्न समुद्राच्या बाबतीत रुचीचा आहे, आणि माझे मत सांगतो. नवशिक्याला दोन मिनिटांच्या, काचेसारख्या गुळगुळीत पाण्याचे आकर्षण असते, पण त्या पाण्यात वागातोर कोणते आणि आगोंद कोणते हे ओळखू येत नाही. १/४ ते एक सेकंद या अवधीत मात्र परतणाऱ्या लाटेच्या फेसाच्या रेघा दिसतात, पाणी कोणत्या दिशेने ओढले जाते हे कळते, आणि खडकाच्या फटींतून उतरणारे ओहोळ वेगळे उमटतात. अशा छायाचित्रासाठी लाट फुटताना शटर दाबू नये. ती वर चढून क्षणभर थांबते आणि मागे फिरू लागते, तेव्हा दाबावे. काब द राम किल्ल्याच्या उंच कड्यावरून मात्र लाटा दूर आणि लहान दिसतात, त्यामुळे तेथे ३० सेकंदांहून अधिक अवधीच शोभतो.

वाळूत ट्रायपॉड लावण्याची एक खास रीत आहे. लाटेचे पाणी पायाला वळसा घालून जाताना पायाभोवतीची वाळू उपसते, तिथे वाटीएवढी खळगी पडते आणि पाय हळूहळू खाली जाऊ लागतो. मिरामारला माझी एका संध्याकाळची सगळी छायाचित्रे अशी वाया गेली. कॅमेऱ्याच्या लहान पडद्यावर ती ठीक दिसली होती, पण घरी मोठी करून पाहिली तेव्हा प्रत्येकात क्षितिजाच्या दोन रेषा होत्या. तेव्हापासून मी पाय आधीच वीतभर दाबून रोवतो, दोन-तीन लाटा त्यांच्यावरून जाऊ देतो, पुन्हा दाबतो, आणि मगच कॅमेरा बसवतो. मधला दांडा वर काढत नाही. लाट पायाशी असताना शटर उघडायचेच असेल, तर अवधी एका सेकंदाच्या आत ठेवावा.

सुरक्षिततेबाबत तीन गोष्टी पाळाव्यात. हणजूण आणि वागातोर येथील खडकांवर हिरवे शेवाळ असते, त्यावर पाऊल ठेवू नये. खडकावर जाण्यापूर्वी दहा मिनिटे दूर उभे राहून सर्वांत मोठी लाट कुठवर येते ते पाहावे आणि पिशवी त्याच्या बऱ्याच वर ठेवावी. जीवरक्षकांनी लाल बावटा लावला असेल किंवा पावसाळी समुद्र खवळलेला असेल, तर खडकावर जाऊच नये; किल्ल्याच्या तटावरून किंवा रस्त्यावरून काम करावे. आणखी एक विनंती आहे. मोरजी, आश्वे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यासाठी येतात, आणि प्रखर उजेडाने त्यांची व पिल्लांची दिशा चुकते. या काळात तेथे रात्री टॉर्च लावून छायाचित्रण करू नये.

फलाट: आधी परवानगी

गोव्यात दोन रेल्वे प्रशासने आहेत. पेडणे, थिवी, करमळी, वेर्णा, मडगाव, बाळ्ळी, काणकोण ही कोकण रेल्वेची स्थानके होत, तर वास्को, सांकवाळ, कासावली, सावर्डे, कुळे ही दक्षिण पश्चिम रेल्वेच्या मार्गावर येतात. प्लॅटफॉर्म तिकीट काढावे, ते दोन तास चालते. त्यानंतर थेट स्टेशन मास्तरांना भेटून आपण कोण, काय आणि कशासाठी टिपणार आहोत हे सांगावे आणि ट्रायपॉड लावण्यास त्यांची हरकत नसल्याची खात्री करून घ्यावी. नकार मिळाल्यास वाद घालू नये. व्यावसायिक कामासाठी रेल्वेची स्वतंत्र परवानगी लागते. दाबोळी परिसरात नौदलाचा तळ असल्यामुळे तेथे कॅमेरा बाहेर काढू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

रुळांवर किंवा रुळांच्या कडेने चालणे हा रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले आहे आणि वरच्या तारेत २५,००० व्होल्टचा विद्युतदाब असतो. ट्रायपॉड उंच करून डोक्यावर धरणे, पुलावरून धातूचा दांडा बाहेर काढणे किंवा पावसात तारेखाली छत्री उंचावणे, यांपैकी काहीही करू नये. कॅमेरा आणि ट्रायपॉडचे तिन्ही पाय फलाटावरच्या पिवळ्या रेषेच्या आत असावेत.

एक सूचना मी मुद्दाम वेगळी लिहितो. रात्री काम करणारे अनेक छायाचित्रकार डोळे दिपू नयेत म्हणून कपाळावर लाल दिवा लावतात. समुद्रावर ती चांगली सवय आहे, पण रेल्वेत लाल उजेड म्हणजे धोका आणि हिरवा म्हणजे पुढे जा. फलाटावर लाल किंवा हिरवा दिवा कधीही वापरू नये, आणि येणाऱ्या इंजिनाच्या दिशेने फ्लॅश मारू नये. चालकाची नजर हीच शेकडो प्रवाशांची सुरक्षितता आहे.

गाडी टिपण्याची रीत

अवधी ठरवण्यासाठी गाडीचा वेग आणि लांबी यांचा हिशोब करावा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. नव्या पद्धतीचा एक डबा सुमारे २४ मीटर लांब असतो, म्हणजे तो दीड सेकंदात आपल्यासमोरून निघून जातो. २२ डबे आणि इंजिन मिळून संपूर्ण गाडीला सुमारे अर्धे मिनिट लागते. त्यामुळे न थांबता जाणाऱ्या गाडीचा अखंड पट्टा हवा असेल, तर १५ ते ३० सेकंद अवधी लागतो. फलाटावरच्या दिव्यांत आयएसओ १००, एफ ११ आणि चार सेकंद या मोजमापाने सुरुवात करावी, छायाचित्र पाहून बदल करावा, आणि १५ सेकंदांपर्यंत जायचे असल्यास दोन स्टॉपचा फिल्टर लावावा.

खरी अडचण इंजिनाच्या दिव्याची असते. तो थेट भिंगात शिरला, की अर्धी चौकट पांढरी होते. त्यासाठी पोस्टकार्डाएवढा काळा पुठ्ठा जवळ ठेवावा. गाडी जवळ आली की पुठ्ठा भिंगासमोर, पण भिंगाला न टेकवता धरावा, शटर उघडावे, इंजिन कॅमेऱ्याच्या पुढे निघून गेले की पुठ्ठा अलगद बाजूला करावा. मग चौकटीत येतात त्या केवळ खिडक्यांच्या रेघा. वातानुकूलित डब्यांच्या काचा गडद असल्याने त्यांची रेघ मंद असते. शयनयान आणि जनरल डब्यांच्या उघड्या खिडक्यांची रेघ लख्ख उमटते. सर्वांत शेवटी शेवटच्या डब्याचा लाल दिवा येतो. तो लुकलुकणारा असल्यामुळे त्याची सलग रेघ न होता लाल ठिपक्यांची माळ तयार होते. थिवीला पहिल्यांदा ही माळ पडद्यावर पाहिली तेव्हा तिचे ठिपके मी मोजत बसलो होतो.

कोकण रेल्वेचा गोव्यातला मार्ग एकेरी आहे, आणि आपल्या कामासाठी हे मोठे वरदान आहे. लहान स्थानकांवर एक गाडी बाजूच्या मार्गावर क्रॉसिंगसाठी, म्हणजे समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी, थांबून राहते आणि दुसरी मधल्या मार्गावरून निघून जाते. थांबलेल्या गाडीचा प्रत्येक डबा स्पष्ट आणि तिच्यापुढून वाहणारा दुसरीचा पट्टा, असे छायाचित्र दुहेरी मार्गावर सहसा मिळत नाही. त्यासाठी दोन्ही गाड्या कुठवर आल्या आहेत हे मोबाइलवर पाहत राहावे. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते आणि गाड्यांचे वेगही कमी असतात, हेही लक्षात ठेवावे. वेर्ण्याला ट्रक वाहून नेणारी रो-रो गाडी दिसू शकते. कोलाड ते वेर्णा ही सेवा १९९९ मध्ये सुरू झाली, आणि एकामागोमाग उभे असलेले ट्रक संथपणे सरकताना टिपले, की प्रवासी गाडीहून अगदी निराळा, खालीवर होणारा पट्टा मिळतो.

फलाटावरची माणसे टिपायची असतील तर मडगाव निवडावे. गाडी थांबलेली असताना अर्धा ते एक सेकंद दिल्यास चढणारी-उतरणारी गर्दी सावल्यांसारखी वाहते. दहा सेकंद दिल्यास चालणारी माणसे दिसेनाशी होतात आणि सामानावर शांत बसलेली एखादी आजी तेवढी उरते. गाडी फलाटात शिरताना काँक्रीट थरथरते आणि ट्रायपॉड ते कंप पकडतो, म्हणून गाडी पूर्ण थांबल्यावर दोन श्वास घेऊन मगच शटर उघडावे. पादचारी पुलाच्या मध्यावर माणसांच्या चालण्याने हादरे बसतात. पुलावर थांबण्यास परवानगी असेल तर खांबाच्या वर, टोकाशी उभे राहावे.

पाणी आणि गाडी एकाच चौकटीत हवी असेल, तर करमळीचे तळे हा पहिला पर्याय आहे. रेल्वेमार्ग तळ्याला लागून जातो आणि वारा पडल्यावर डब्यांचे दिवे पाण्यात उतरतात. दूधसागरला मात्र पायी रुळांवरून जाण्यास बंदी आहे; पावसाळ्यानंतर कुळ्याहून जीपने धबधब्याच्या पायथ्याशी जावे. तेथून ३१० मीटर उंचीचा प्रपात आणि त्याच्यासमोरचा रेल्वेपूल दोन्ही दिसतात. या घाटात चढ ३७ ला १ इतका तीव्र असल्यामुळे गाड्या हळू चालतात. ताशी ३० किलोमीटर धरले तर अर्ध्या सेकंदात गाडी चार मीटर सरकते, म्हणजे पाणी दुधासारखे होते आणि गाडीची कडा थोडीशी विरघळते, तरी ती गाडी म्हणून ओळखू येते. हा अवधी मला तेथे सर्वांत योग्य वाटतो.

परतल्यावर

दीर्घ अवधीनंतर काही कॅमेरे तेवढाच वेळ छायाचित्रातली खरखर, म्हणजे नको असलेले ठिपके, दूर करण्यासाठी घेतात. फलाटावर ही सोय बंद ठेवावी, नाहीतर पुढची गाडी निघून जाते. समुद्रावरून आल्यावर भिंगावरचे खारे थेंब कोरड्या फडक्याने पुसू नयेत, आधी ओलसर फडक्याने टिपून घ्यावेत. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून, सांध्यांत अडकलेली वाळू निघेपर्यंत गोड्या पाण्याने धुवावेत आणि उघड्या स्थितीतच रात्रभर सावलीत उभे ठेवावेत.